सतरा झाकणं

म्हस्कू गोफणे कच्चा कांदा खात नसे. लसूण तर त्याच्या घरातच येत नसे.

तंबाखू नाही, विडी नाही, पान नाही. डोक्याला तेल नाही. आंघोळीला साबण नाही, डाळीचं पीठ.

चहा घ्यायचा तो काम संपल्यावर. त्यात आलं नको.

थंडीत कानाला मफलर. थंडी गेली तरी पुढे महिनाभर मफलर. सर्दीला तो सापाला भ्यावं तसा भ्यायचा.

देवळात गेला तर पायरीवरूनच हात जोडायचा, कारण आत उदबत्त्या असायच्या. लग्नात गुलाबपाणी शिंपडणारी मुलं दिसली की मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहायचा.

कुणी समोर आलं की बोलण्याआधी क्षणभर थांबायचा. सुरुवातीला मला वाटायचं, तो शब्द शोधतोय. तो वास घेत असायचा.

"बीए, डब्यात शेपू हाय."

असायचा.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला कालव्याच्या अलीकडे आमची डेअरी होती. मी १९९३ साली मराठी घेऊन बी.ए. झालो. वर्षभर शाळाशाळांत अर्ज दिले. मग या डेअरीच्या टाइम ऑफिसात लागलो. गेटजवळची एक खोली, हजेरीची कार्डं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर आणि एक टाइपरायटर. पहिल्याच दिवशी म्हस्कूने विचारलं, "शिकलाय किती?" मी सांगितलं. तेव्हापासून माझं इंद्रजित हे नाव त्याने वापरलं नाही. तो माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. सगळे त्याला तात्या म्हणत. मीही म्हणू लागलो.

त्याचं काम नाकाचं होतं.

सकाळी साडेआठपासून दुधाचे टेम्पो लागायचे. लासुर्ण्याकडचे, वालचंदनगरकडचे, लोणी भापकरकडचे. कॅन डॉकवर ओळीने उतरायचे. म्हस्कू एकेक झाकण उचलायचा, कॅनवर वाकायचा, एक श्वास घ्यायचा. मान हलली की कॅन पास. हात आडवा झाला की कॅन बाजूला. एका कॅनला तीन-चार सेकंद. सकाळ-संध्याकाळ मिळून सहाशे-सातशे कॅन.

लॅब होती. लॅबमध्ये केमिस्ट होते. पण लॅबचा निकाल येईपर्यंत दूध मोठ्या टाकीत एक झालेलं असायचं. एक आंबूस कॅन दहा हजार लिटरची टाकी घालवायचा. तो कॅन टाकीच्या आधी पकडायचा, एवढंच काम. ते त्याच्याइतकं कुणाला जमत नव्हतं.

एकदा त्याने टेम्पोवाल्याला विचारलं, "ह्ये कुणाचं रं?"

"का वो तात्या? नासलंय?"

"न्हाय. चांगलंय. पर त्याला सांग, गोठ्यातनं बोकड हलव."

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला हसत आला. "हलवला. पर तुमाला कळलं कसं?"

"बोकडानं निरोप धाडला हुता."

त्याच्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली जायचे. एका सालच्या दुष्काळात कळप विकला. कऱ्हाटीला चार एकर जिराईत जमीन होती, ती राहिली. म्हस्कू १९८९ मध्ये डेअरीत कॅन धुवायला लागला. एका दुपारी टाकी नासली, तेव्हा धुताना तो म्हणाला, दुसऱ्या टेम्पोतल्या सातव्या कॅनला सकाळीच वास होता. सगळे हसले. लॅबने त्या कॅनच्या तळाला राहिलेलं दूध तपासलं, तोच निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला डॉकवर उभं केलं.

कागदावर मात्र तो तिथेच राहिला. मी त्याचं कार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यावर लिहिलं होतं : 'कॅन धुलाई. तात्पुरता.'

आणि ब्रेक होता.

सलग दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम होण्यावर हक्क सांगू शकतो. म्हणून दोनशे तिसाव्या दिवसाच्या आसपास पत्र जायचं. एक महिना घरी. मग नवी नेमणूक, नवं कार्ड, पुन्हा पहिला दिवस. डेअरीतल्या निम्म्या लोकांचं असंच होतं. ती पत्रं मी टाइप करायचो. मजकूर एकच असायचा, नाव तेवढं बदलायचं.

म्हस्कूला मी पहिलं पत्र दिलं तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्याने घडी घातली.

"चला. म्हैनाभर आता कऱ्हाटीचं दूध हुंगतो."

"आता तरी कांदा खा तात्या. सुट्टीच आहे."

"नाक काय ब्रेकवर जातंय व्हय?"

पहिल्या दोन दिवसांतच दोनदा टाकी नासली. तिसऱ्या दिवशी जीप कऱ्हाटीला गेली. तो आला, डॉकवर उभा राहिला, चार दिवस सकाळ-संध्याकाळ कॅन पाहिले. कार्ड नसल्यामुळे हजेरी लावता येत नव्हती. गेटवर नोंद तर हवी. सुपरवायझर म्हणाले, पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये लिहा. मी लिहिलं : 'म्हस्कू बिरू गोफणे. भेटीचं कारण : खाजगी.'

त्याने ते वाचलं. चौथीपर्यंत शाळा झालेली होती. अक्षराखाली बोट ठेवून वाचायचा.

"खाजगी म्हंजी घरचं काम ना?"

"हो."

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

एका रविवारी त्याने मला कऱ्हाटीला जेवायला नेलं. घर दोन खणांचं. चूल बाहेर, अंगणाच्या पार टोकाला, वर अर्धाच पत्रा टाकलेला. उन्हात त्याची बायको भागूबाई भाकऱ्या थापत होती.

"वहिनी, चूल एवढी लांब का?"

"ह्यांच्या कापडाला फोडणीचा वास लागतुया म्हनं," ती म्हणाली. "पावसापान्याचं भिजत सैपाक करायचा. सात वर्सं झाली. लसनाबिगर चटणी खाऊन पोरगी मोठी झाली. सासऱ्याला म्हेंढरं हुती, तवा बी आसलं सोवळं नव्हतं."

"आगं, काम हाय त्ये," म्हस्कू म्हणाला.

"काम तुमचं. आमी कुणाच्या हजेरीवर?" मग माझ्याकडे वळली. "बीएभाऊजी, तुमी हापिसात असता. खरं सांगा. ह्ये कायम हुनार का न्हाय? वैष्णवीला पाहुनं येत्यात. पयला सवाल त्योच. बाप कायम हाय का? मी म्हनते, हाय. ह्ये म्हनत्यात, न्हाय. पाहुनं उठून जात्यात."

"खोटं कशाला बोलायचं?" म्हस्कू म्हणाला.

"खोटं न्हाय त्ये. उशीर झालेलं खरं हाय."

आम्ही तिघे हसलो. जेवण झाल्यावर म्हस्कूने मला शेताच्या बांधावर नेलं आणि हळूच विचारलं, "हुईल का वो?"

मी म्हणालो, होईल. का म्हणालो, सांगता येत नाही.

पण नंतरच्या वर्षी खरंच काहीतरी हललं. १९९७ च्या जानेवारीत पुण्याहून टिपणीस नावाचे नवे कार्मिक अधिकारी आले. त्यांनी कँटीनमध्ये पंखे लावले. सूचनापेटी ठेवली. सगळ्यांना एकत्र बसवून पडद्यावर तक्ते दाखवले. माणूस कामावर का टिकतो, मन लावून का काम करतो, यावर ते तासभर बोलले. चांगलं बोलले. मला पटलं. शेवटी म्हणाले, "ही कंपनी नाही. हे एक कुटुंब आहे."

मागून म्हस्कू म्हणाला, "सायेब, कुटुंब हाय तर दर सात म्हैन्यांनी आमाला म्हायेरी का धाडता?"

सगळे हसले. टिपणीसही हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, "तोच प्रश्न मी मालकांपुढे मांडलाय." आणि त्यांनी जाहीर केलं. यंदा बारा जण कायम होतील. वशिल्याने नाही. मूल्यमापनाने. प्रत्येकाचा एक फॉर्म, चार रकाने : हजेरी, शिस्त, कामाचा दर्जा, निष्ठा. प्रत्येकी दहा गुण.

त्या दिवशी म्हस्कू सुटल्यावर माझ्या खिडकीशी आला.

"निष्ठा म्हंजी?"

"कंपनीशी किती इमान आहे, ते."

"त्यात काय गुन द्यायचं?" तो म्हणाला. मग थोडं थांबून, "द्यात की. आपलं भरत्यात."

मलाही तसंच वाटलं. चाळीसपैकी चाळीस घेणारा एक माणूस मला ठाऊक होता.

गुढीपाडवा हा डेअरीचा वर्धापनदिन. मालक सर्जेराव आबा त्या दिवशी स्वतः यायचे. पांढरं धोतर, फेटा, हातात चांदीची अत्तरदाणी. त्यांच्या वडिलांच्या वेळची. कामगार रांगेने उभे राहायचे. आबा प्रत्येकाच्या मनगटावर अत्तर लावायचे, नावाने हाक मारायचे, पेढा द्यायचे. लोकांना ते आवडायचं. वर्षातून एकदा मालकाचा हात हाताला लागायचा.

आधीची सगळी वर्षं पाडव्याच्या सुमारास म्हस्कू ब्रेकवर तरी असायचा, नाहीतर त्या वेळी डॉकवर. त्यामुळे रांगेत कधी उभा राहिलाच नव्हता. यंदा टिपणिसांनी हुकूम काढला होता, सर्वांची उपस्थिती आवश्यक.

मी पेढ्यांचे खोके उघडून देत होतो. म्हस्कूची पाळी आली. आबांनी बोळा अत्तरात बुडवला.

"म्हस्कू ना रं तू? कऱ्हाटीचा?"

"व्हय आबा."

"हात पुढं कर."

त्याने हात जोडले.

"आरं, हात पुढं कर की."

म्हस्कूने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नगं आबा. माफी करा."

रांगेत कुणीतरी हसलं. आबाही हसले, पण अत्तराचा बोळा हवेत तसाच राहिला. मग तो पुढच्या मनगटावर गेला. म्हस्कूला पेढा मिळाला. नावाने काही बोलणं झालं नाही.

संध्याकाळी पाचला पहिला टेम्पो होता. मनगटावरचं अत्तर तीन दिवस जात नाही. झाकण उचलताना मनगट नाकाखालीच येतं. हे मला कळत होतं. मी खोक्यावरचा दोरा सोडवत राहिलो.

नंतर मी त्याला विचारलं, "आबांना कारण का नाही सांगितलंस? एका वाक्याचं काम होतं."

तो चकित झाला. "त्यास्नी सांगायचं? डेअरी त्यांची. दूध त्यांचं. हे नाक कशापायी ठेवलंय, ह्ये त्यास्नी ठावं नसंल व्हय?"

"नसेल तर?"

"बीए, तुमी फार वाचता."

वैशाखात फॉर्म भरून माझ्याकडे आले. यादी टाइप करायची होती. म्हस्कूचा फॉर्म मी शोधून काढला.

हजेरी : तीन. ब्रेकचे दिवस गैरहजेरीत धरले होते. पाहुण्यांच्या रजिस्टरातले दिवस कुठेच नव्हते.

शिस्त : आठ.

कामाचा दर्जा : पाच. बाजूला लिहिलं होतं, 'कॅन धुलाईचं काम क्वचितच करतो.'

निष्ठा : दोन. खाली वेगळ्या शाईत शेरा, 'वर्धापनदिनी सर्वांसमोर मालकांचा अवमान.'

मी फॉर्म घेऊन टिपणिसांकडे गेलो. सगळं सांगितलं. कांदा, तेल, साबण, अंगणाच्या टोकाची चूल. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून डोळे चोळले.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगतोय, सर."

"इंद्रजित, शेरा आबांनी स्वतः दिलाय. बारा जण तरी होतायत, ते माझ्या शब्दावर. आता एका नावासाठी परत गेलो तर ते सगळंच थांबवतील. पुढच्या वर्षी त्यांचं नाव पहिलं घेऊ."

"पुढच्या वर्षीही ब्रेक गैरहजेरीत धरला जाईल, सर."

"तो रकाना आपण सुधारू."

"मी आबांना भेटू?"

"तुम्ही स्वतः कायम आहात का?" त्यांनी विचारलं. धमकी नव्हती. खरंच आठवत नव्हतं.

मी कायम नव्हतो. जागेवर येऊन बसलो. बारा नावं टाइप केली. मग कार्डं पाहिली. म्हस्कूचे दोनशे अठ्ठावीस दिवस भरले होते. म्हणून त्याचं ब्रेकचं पत्रही टाइप केलं. आबांना भेटलो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी यादी लावायला गेलो. फळा डॉकच्या भिंतीला होता. ऊन चढलेलं. लासुर्ण्याचा टेम्पो नुकताच रिकामा झाला होता, चाळीस कॅन ओळीत उभे होते. म्हस्कू पहिलं झाकण उचलत होता. मला पाहून त्याने ते परत बसवलं.

"लागली?"

मी टाचण्या टोचल्या. तो फळ्यापाशी आला. बोट ठेवून वाचू लागला. पाचव्या नावाशी थांबला.

"ऊन डोळ्यावर येतंय. तुमी वाचा."

मी बारा नावं वाचली.

"परत वाचा."

मी परत वाचली.

"आन खिशात काय हाय?"

खिशात ब्रेकचं पत्र होतं. ते मी संध्याकाळी देणार होतो. पाकिटाचं टोक वर आलेलं. मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने उघडलं नाही. घडी घालून बंडीत ठेवलं.

"गुन किती?"

"तात्या, ते जाऊ दे."

"निष्ठंला किती?"

मी सांगितलं.

"धापैकी?"

"हो."

"अत्तर?"

मी मान हलवली.

तो डॉकवर परत गेला. मला वाटलं, ओरडेल. निदान शिवी देईल. त्याने पहिलं झाकण उचललं, वाकला, मान हलवली. दुसरं. तिसरं. नववा कॅन बाजूला काढायला लावला. मी तिथेच उभा होतो. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेत सुटकाही होती. चाललंय ना काम, असं मनात आलं.

टेम्पोवाला टायरवर लाथ मारत म्हणाला, "काय तात्या, ह्या साली पेढं का न्हाय मग?"

तेविसावं झाकण म्हस्कूच्या हातात होतं. त्याने दूध हुंगलं. मान हलवली. झाकण जागेवर ठेवलं, तळहाताने दाबून घट्ट बसवलं. मग नळाशी जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत. सावकाश.

आणि कँटीनमध्ये गेला. मी मागोमाग गेलो.

कँटीन विजयमाला मावशी चालवायच्या. त्या भजी तळत होत्या. म्हस्कू कधीच आत येत नसे, तळणाच्या वासामुळे. त्यामुळे त्याला पाहून त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"तात्या? तुमी हितं?"

"मावशी, कांदा हाय का?"

"भजी देऊ?"

"नुसता कांदा. कच्चा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपलीतून एक कांदा काढून दिला. म्हस्कूने तो फरशीवर ठेवला आणि बुक्कीने फोडला. सालं बाजूला केली. उभ्या उभ्या खाऊ लागला. आठ वर्षांनी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. अर्धा संपल्यावर म्हणाला, "मीठ द्या वाईच."

सबंध कांदा संपवला. मग बाकावर बसलेल्या ड्रायव्हरकडून चिमूटभर तंबाखू मागून घेतली. दाढेखाली धरली.

गेटवर आला. मी माझ्या खोलीत शिरलो, कारण गेटवर माझीच जागा होती. तो खिडकीशी क्षणभर थांबला. नेहमीसारखा.

"डब्यात काय हाय बीए?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

"कांद्यानं कळंना झालंय," तो म्हणाला. आणि रस्ता ओलांडून बारामतीकडे जाणाऱ्या एसटीला हात केला.

दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. दोन टेम्पो मागे थांबले होते. टिपणीस स्वतः डॉकवर आले. केमिस्ट म्हणाले, सगळ्या कॅनचे नमुने लॅबमध्ये तपासायचे तर दीड तास लागेल, तोवर उन्हात आहे तेही दूध जाईल. टिपणिसांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना मी दिसलो.

"इंद्रजित, तुम्ही तर त्यांच्याबरोबर असायचात. वासच घ्यायचा ना? बघा जरा."

मी वर चढलो. ओळीत एक जागा रिकामी होती, नवव्या कॅनची. पुढे तेविसाव्यापर्यंत झाकणांवर दुधाळ बोटांचे ठसे होते. उन्हात ते वाळून गेले होते. मी चोविसावं झाकण उचललं. वाकलो. श्वास घेतला.

दुधाला दुधाचा वास होता.

झाकण खाली ठेवलं. त्याच्या पुढे आणखी सोळा होती.